बाईंना वाचता येईल असं पाठवा

पुण्यात मी खोली शोधत होतो तेव्हा नुसतं नाव सांगून भागायचं नाही. "पुढे?" असं विचारायचे. म्हणजे आडनाव. ते सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एकदम सहानुभूती यायची आणि खोली कालच गेलेली असायची. मी यवतमाळकडचा, एवढ्या मोठ्या शहरात पहिल्यांदाच आलेला. सुरुवातीला मला खरंच वाटलं, काय बाप्पा खोल्या जातात या पुण्यात! मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला.

अशात कोणीतरी एका सरांचा नंबर दिला. शनिवार पेठेतल्या एका जुन्या सोसायटीत त्यांचा फ्लॅट होता आणि त्यातली एक खोली द्यायची होती. फोन केला तर पलीकडून कोरडा आवाज आला, "खोली आहे. आपली माहिती लिहून ई-मेल करा." मी आपला आधार कार्डाचा फोटो काढून पाठवून दिला. लगेच उलटा फोन.

"आपण चित्र पाठवलंत. आमच्या बाई चित्रं वाचत नाहीत. बाईंना वाचता येईल असं पाठवा."

आणि फोन ठेवला. मी म्हटलं, झालं! मालक असा, तर मालकीणबाई कशा असतील! तरी गरज माझी होती. सायबर कॅफेत बसून पानभर माहिती टाईप केली, वर्डमध्ये, आणि पाठवली. संध्याकाळी निरोप आला, "बाईंनी वाचलं. या."

गेलो तर घरात बाई कोणी नव्हत्याच. सरांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी बंगळूरला. काचबिंदूने सरांचे दोन्ही डोळे गेले होते. आणि बाई म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरमधला आवाज. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते धडाधड वाचून दाखवणारा एका बाईचा आवाज, इतका भरधाव की मला त्यातलं एक अक्षर कळेना. सर मात्र हनुवटीवर बोट ठेवून ऐकत बसायचे. माझ्या पानभर माहितीत आडनाव होतंच, बाईंनी ते वाचलंही असणार. सर त्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. विचारलं ते असं:

"जी फाईल पाठवलीत तिचं नाव काय?"

"बायोडेटा."

"ते नाव झालं. आडनाव?"

मी उठायलाच लागलो.

"अहो, डॉटच्या पुढचं!" सर म्हणाले. "डॉकएक्स, पीडीएफ, जेपीजी, काय ते."

"डॉकएक्स."

"चांगलं खानदान आहे. कधी राहायला येताय?"

त्या घरात मी पुढे बरीच वर्षं काढली. माणसाचं आडनाव सरांनी माझ्यासमोर कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. फाईलचं मात्र विचारल्याशिवाय कुणाला सोडलं नाही.

सरांचा आयुष्यभर टायपिंगचा क्लास होता. पेठेतल्या निम्म्या कचेऱ्यांमधले क्लार्क त्यांच्याकडे बोटं बडवून गेलेले. डोळे गेल्यावरही टाईप करायला त्यांना काही अडत नव्हतं. "जन्मभर पोरांना ओरडत आलो, की-बोर्डकडे बघायचं नाही, बघायचं नाही," ते म्हणायचे. "शेवटी देवाने माझंच ऐकलं." हे असलं काहीतरी बोलून ते इतके शांत बसायचे, की हसावं की नाही तेच कळायचं नाही.

स्वयंपाकघरात त्यांची शिस्त अशी की साखरेच्या डब्याच्या झाकणाला एक रबरबँड, मिठाच्या दोन, चहाच्या तीन. मी राहायला गेलो त्याच आठवड्यात डबे घासले आणि झाकणं उलटीसुलटी लावली. दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतः चहा केला. एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "आज आपण मला एक्स्टेन्शन बदलून दिलंत."

मी माफी मागायला लागलो तर म्हणे, "माफी राहू द्या, ऐका. झाकण म्हणजे फाईलचं आडनाव. त्यावरून कॉम्प्युटरला कळतं की आत काय आहे आणि कोणाला हाक मारायची. डॉकएक्स असेल तर वर्डला, एक्सएलएसएक्स असेल तर एक्सेलला, पीडीएफ असेल तर पीडीएफवाल्याला. पण झाकण बदललं म्हणून मिठाची साखर होत नाही. झिपचं झाकण असेल तर आत आणखी डबे आहेत, आधी उघडून बाहेर काढा, मग बोला. कळलं?"

"हो जी."

"मग आता हा चहा तुम्ही संपवा."

संपवला! काय करणार?

सरांचं "तुम्ही" म्हणजे राग आणि "तू" म्हणजे खुशी, हे मला पुढे समजलं. गल्लीतली माणसं न उघडणाऱ्या फायली घेऊन त्यांच्याकडे यायची. कोणी "सर, फाईल उघडत नाही" म्हणालं की सर म्हणायचे, "दार उघडत नाही की किल्ली चुकीची आहे?" बहुतेक वेळा किल्लीच चुकीची असायची. एका मुलीला तिच्या मैत्रिणीने वर्डसारख्याच एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये केलेली ओडीटी फाईल पाठवली होती आणि ही ती फोटोच्या अ‍ॅपमध्ये उघडत बसलेली, रडवेली होऊन. सरांनी फाईलचं पूर्ण नाव तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि मग सांगितलं, की हेही वर्डच्याच भावकीतलं आहे, वर्डमध्ये उघड, उघडेल. उघडलं. ती नाचत गेली.

माझं तर त्यांनी आयुष्यच लावून दिलं. मी नोकरीसाठी सगळीकडे बायोडेटा पाठवत होतो आणि कुठूनही बोलावणं येत नव्हतं. एके दिवशी सर म्हणाले, "दे इकडे, बाई वाचतील." मला त्या बायोडेटाचा केवढा अभिमान! चौकटी काय, रेघा काय, सगळं स्पेस दाबून दाबून एका रांगेत आणलेलं. बाईंनी वाचायला सुरुवात केली. "मोकळी ओळ. मोकळी ओळ. मोकळी ओळ." मग माझं नाव. मग पुन्हा, "मोकळी ओळ. मोकळी ओळ." चौकटीतलं शिक्षण तर त्यांनी अनुभवाच्या मधोमध वाचलं.

"तुझ्या आयुष्यात मोकळ्या ओळी फार आहेत," सर म्हणाले.

त्या दिवशी दुपारभर त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. शीर्षक म्हणजे अक्षर मोठं करून जाड करणं नव्हे, त्याला शीर्षक म्हणून सांगावं लागतं. तक्ता हवा तर तक्ता घाल, स्पेसच्या भिंती बांधू नकोस. बदल करायचा असेल तोवर वर्ड, कुणी बदलू नये असं वाटलं की पीडीएफ, पण वर्डमधूनच केलेली. छापून, स्कॅन करून केलेली पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. डोळस माणसाला फरक कळत नाही, बाई मात्र गप्प होतात. "डॉक्युमेंट चांगलं की वाईट ते डोळ्यांना विचारू नकोस," ते म्हणाले. "डोळे भोळे असतात." महिन्याभरात मला बाणेरच्या एका कंपनीत कागदपत्रं तयार करण्याच्याच विभागात नोकरी लागली. आज मी जे चार घास खातो ते त्या दुपारचे आहेत, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो.

आता त्या सह्यांची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत.

सोसायटी पाडून नवी इमारत बांधायची ठरली. बिल्डर मिळाला, करारनामा तयार झाला, सगळ्या सभासदांच्या सह्या हव्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना सगळे काका म्हणायचे. माणूस आवाजाने मोठा, पण मनाने चांगला. रोज सकाळी खाली दूध आणायला जायचे तेव्हा सरांचीही पिशवी आणून दाराला लावायचे. काकांनी करारनाम्याच्या पानांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले आणि खाली लिहिलं, "वाचून रविवारी सही करणे." रविवारी सगळ्यांनी केल्या. सरांनी केली नाही.

"बाईंना वाचता येईल असं पाठवा."

काकांनी पीडीएफ पाठवली. स्कॅन केलेली. बाई गप्प. सरांनी कळवलं. मग काका अभिमानाने सांगत आले, की आता वर्डमध्ये करून पाठवलीय. उघडेना. मी बघितलं तर काकांनी फाईलवर क्लिक करून पुढचं पीडीएफ खोडलं होतं आणि तिथे डॉकएक्स लिहिलं होतं.

"झाकण बदललंय सर," मी म्हटलं.

"चव घेऊ नकोस," सर म्हणाले.

त्यानंतर काकांनी खरोखरची वर्ड फाईल पाठवली. उघडलीसुद्धा! आत एकेका पानाचा फोटो चिकटवलेला होता. शेवटी वकिलांकडून मूळ फाईल मागवली, तर ती जुन्या मराठी फाँटमध्ये टाईप केलेली. तो फाँट ज्याच्या कॉम्प्युटरमध्ये आहे त्याला मराठी दिसायचं. आमच्याकडे नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच. बाई बिचाऱ्या इमानेइतबारे वाचत सुटल्या, "एफ, डॉलर, जे, कंस सुरू, स्वल्पविराम, एफ..." सरांनी हात जोडले.

तोवर सोसायटीचा संयम संपत आला होता. बिल्डर म्हणत होता, महिनाअखेर सह्या पूर्ण झाल्या नाहीत तर मी दुसरीकडे जातो. तळमजल्यावरच्या काकूंच्या भिंतींना ओल होती, वरच्यांना लिफ्ट हवी होती. त्यांचंही चूक नव्हतं. सरांच्या मुलीचाही बंगळूरहून फोन आला, "बाबा, करून टाका ना सही, सगळ्यांनी केलीय." आणि मग एका सकाळी काका दुधाची पिशवी हातात धरूनच आत आले.

"अहो, मी बसतो ना तुमच्यासमोर. अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवतो. मग तर झालं?"

"तुम्ही वाचाल ते मला ऐकू येईल," सर म्हणाले. "लिहिलंय ते नाही."

"म्हणजे? माझ्यावर विश्वास नाही तुमचा? इतकी वर्षं तुमचं दूध आणतोय!"

"दुधावर आहे."

काकांचा चेहरा पडला. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि निघून गेले. मलाही ते लागलं. मी सरांना म्हटलं, की सर, मी टाईप करून देतो ना सगळं, दोन दिवसांचं काम आहे. किंवा फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर आहे, त्यातून काढतो.

"ते सॉफ्टवेअर गर्दीत ऐकल्यासारखं वाचतं, नऊचे सात करतं. आणि तू टाईप केलंस तर मी तुझं वाचीन. सही करायचीय त्यांनी लिहिलंय त्यावर." मग त्यांचा आवाज बदलला. असा आवाज मी आधी ऐकला नव्हता. "अरे, या घरात मला काठी लागत नाही. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मला हे घर पाठ आहे. हे मी देऊन टाकणार आहे. काय देतोय आणि काय घेतोय ते मला स्वतःला कळायला नको? माझे डोळे गेलेत रे. अक्कल ठेवलीय देवाने अजून."

शनिवारी सुट्टी होती म्हणून मी सरळ कसबा पेठेत वकिलांच्या ऑफिसात गेलो. निघताना सरांनी बजावलं, "रस्ता दाखव. मजकुराला हात लावू नकोस."

वकिलांच्या टायपिस्ट मॅडम आधी फणकारल्या. "इतकी वर्षं याच फाँटमध्ये काम करतेय. आजवर कुणाची तक्रार नाही."

"मॅडम, ज्यांना वाचता आलं नाही त्यांनी तक्रार तरी कशी लिहावी?" मी बोलून गेलो आणि मग जीभ चावली. अहो, पुण्यात राहून मला हे असं बोलणं लागलं होतं! पण त्या हसल्या. मी त्यांना जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये कसं न्यायचं ते दाखवलं. युनिकोड म्हणजे हल्ली मोबाईलवर आपण जे मराठी लिहितो तेच, कुठेही उघडा, मराठीच राहतं. पहिल्याच फटक्यात वेलांट्या जागा सोडून गेल्या आणि शनिवार पेठेची "शिनवार पेठ" झाली. मॅडमनी कपाळावर हात मारला, पण मग पदर खोचून बसल्या आणि एकेक पान स्वतः दुरुस्त केलं. मी समोर बसून चहा पीत राहिलो. सही करायचा प्रिंट याच फाईलवरून काढायचा, एवढं वकिलांकडून कबूल करून घेतलं आणि फाईल मॅडमनीच सरांना मेल केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून सर कॉम्प्युटरसमोर बसले. हेडफोन लावले. आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी बाईंचा वेग कमी केला. जेवायलाही उठले नाहीत. मी ताट नेऊन ठेवलं तर हातानेच खूण केली, की राहू दे. मध्येच मागे जायचे, एखादं कलम पुन्हा ऐकायचे, मान हलवायचे. मी दारातून सारखा डोकावत होतो. यात काही भलतंच निघालं तर सोसायटी काय करील, नाही निघालं तर काय करील, काही कळत नव्हतं.

संध्याकाळी काकांच्या घरी सभा होती. सर माझा खांदा धरून तिसऱ्या मजल्यावर आले. हॉल गच्च भरला होता. नव्या प्रिंटवर बाकी सगळ्यांनी पुन्हा सह्या करून झाल्या होत्या, सरांची तेवढी जागा मोकळी होती. शेवटी काकांनीच विचारलं, "मग? काय सापडलं?"

"काही नाही. स्वच्छ मसुदा आहे. उत्तम लिहिलाय."

काय गदारोळ झाला म्हणता! "मग हा तमाशा कशासाठी?" "आम्ही हेच सांगत होतो ना!" "महिनाभर सगळ्यांना वेठीला धरलंत!" आवाज जरा खाली आला तसे सर म्हणाले, "कालपर्यंत तुम्हाला माहीत होतं. आज मलाही माहीत आहे. पेन द्या."

काकांनी पेन त्यांच्या हातात दिलं. "बोट ठेव," सर मला म्हणाले. मी सहीच्या जागी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट चाचपलं आणि त्याच्या कडेने सही केली, टायपिंगच्या क्लासच्या सर्टिफिकेटवर असते तशी, रुबाबदार. टाळ्या वाजल्या. काकांनी डोळे पुसले असं मला वाटलं.

"आता साक्षीदार," वकिलांचा माणूस म्हणाला.

"हा करील," सरांनी माझ्याकडे हात केला.

मला केवढं बरं वाटलं! ज्याला या शहरात कुणी खोली देत नव्हतं, त्याची सही सरांच्या सहीखाली. मी पेन घेतलं, वाकलो, आणि माझ्या मनगटावर सरांचा हात आला.

"वाचलंत?"

तुम्ही! म्हणजे राग.

"सर, तुम्ही वाचलंय ना."

"मी माझ्यासाठी वाचलं."

हॉलमध्ये कुणीतरी मोठ्याने उसासा टाकला. "अहो, साक्षीदाराला नाही वाचावं लागत!" वकिलांचा माणूस म्हणाला. सरांनी मनगट सोडलं नाही. मी पेन खाली ठेवलं, जमिनीवर मांडी घातली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो. चाळीसेक माणसं माझ्याकडे बघत होती. पण दोन-तीन पानांनंतर मला ती माणसं दिसेनाशी झाली. कुणाची खोली कुठे, कुणाला किती जागा, काम रखडलं तर काय, सगळं समोर लिहिलेलं होतं आणि कळत होतं. मला सरांचा हात माझ्या मनगटावर अजून आहे असंच वाटत राहिलं, आणि तो तसाच राहावा असंही.

"झालेली पानं इकडे दे रे," तळमजल्यावरच्या काकू हळूच म्हणाल्या.

"काकू, तुमची सही झालीय," काका म्हणाले.

"झालीय हो. तुम्ही सगळ्यांनी केली म्हणून केली. त्या मोबाईलवरच्या फोटोतलं मला एक अक्षर दिसलं नव्हतं." त्यांनी पर्समधून चष्मा काढला. "आता वाचते."

मी त्यांना पानं दिली. त्यांनी वाचून शेजारी सरकवली. शेजारच्यांनी घेतली. त्यांच्या पलीकडच्यांनी हात पुढे केला. काका थोडा वेळ सगळ्यांकडे बघत उभे राहिले आणि मग खुर्ची ओढून बसले. "पहिलं पान कोणाकडे आहे?" त्यांनी विचारलं, नेहमीपेक्षा बऱ्याच खालच्या आवाजात.

हॉल एकदम शांत झाला. सरांनी मान वर केली.

"काय झालं? सगळे गेले का?"

"नाही सर," मी म्हटलं. "सगळे वाचतायत."

सरांनी चाचपून भिंतीकडची खुर्ची शोधली, बसले आणि पाय लांब केले.

"मग वाचू दे," ते म्हणाले. "मला काही घाई नाही."